लाल केसांची अ‍ॅनी आणि तिच्यानंतर उभी राहिलेली दुसरी
(प्रकरण अभ्यास : २०१४ चा ‘अ‍ॅनी’)

न्यूयॉर्कमधल्या शाळेचा एक वर्ग. लाल कुरळ्या केसांची गोरी अ‍ॅनी फळ्यासमोर आपला पाठ सादर करते, शेवटी चार पावलं टॅप नाचते आणि जागेवर जाऊन बसते. मग बाई दुसऱ्या अ‍ॅनीला पुढे बोलावतात. ही कृष्णवर्णीय आहे आणि केस तिचे स्वतःचे, दाट आणि मोकळे. विषय राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि मंदीच्या काळातला त्यांचा सरकारी मदतीचा कार्यक्रम, ‘न्यू डील’. कागदावरचं काही न वाचता ती सगळ्या वर्गाला बाकं वाजवायला आणि पाय आपटायला लावते आणि त्या ठेक्यावर १९३० च्या दशकातली गरिबी समजावून देते.

विल ग्लक दिग्दर्शित ‘अ‍ॅनी’ची ही सुरुवात. चित्रपट १९ डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. जुनी अ‍ॅनी पाहुणी म्हणून आली, तिला मानानं बसवलं आणि नवीन अ‍ॅनी कामाला लागली. कुणाचीही टिंगल न करता दोन मिनिटांत केलेलं हे हस्तांतर चित्रपटातल्या सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेल्या जागांपैकी एक आहे. पुढच्या दोन तासांत ही जाण कुठे टिकली आणि कुठे सुटली, ते इथे पाहू. भूमिकेतल्या मुलीचा रंग बदलला की संहितेतले निदान सात-आठ सांधे हलतात. ‘अ‍ॅनी’च्या लेखकांनी त्यातले काही नीट बसवले आणि काही तसेच सैल सोडले.

मूळ काय होतं

हॅरल्ड ग्रे यांची ‘लिटल ऑर्फन अ‍ॅनी’ ही चित्रमालिका ५ ऑगस्ट १९२४ पासून ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’मध्ये येऊ लागली आणि २०१० पर्यंत चालली. रविवारच्या रंगीत पानावर लाल केसांचं टोपलं, लाल फ्रॉक आणि बुबुळं नसलेले पांढरे गोल डोळे एवढ्यावर अ‍ॅनी ओळखू येई. लाल केस म्हणजे वर्तमानपत्राच्या छपाईत दुरूनही ओळखू यावी अशी खूण होती. व्यक्तिरेखेच्या स्वभावाशी त्यांचा संबंध नव्हता. पुढे हेच केस ‘अ‍ॅनीपण’ ठरले आणि नव्वद वर्षांनी लाल केस नसलेली कृष्णवर्णीय मुलगी या भूमिकेत आली, तेव्हा वाद त्यावरूनच पेटला.

रंगमंचावरची संगीतिका २१ एप्रिल १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर सुरू झाली. संगीत चार्ल्स स्ट्राउस यांचं, गीतं मार्टिन चार्निन यांची, संहिता टॉमस मीहान यांची. २,३७७ प्रयोग आणि सात टोनी नाट्यपुरस्कार. कथा डिसेंबर १९३३ मधली. अकरा वर्षांची मुलगी, दारुडी मिस हॅनिगन चालवत असलेला अनाथाश्रम, अब्जाधीश वॉरबक्स, शेवटी खोटे आईबाप आणि दत्तकविधान. ग्रे स्वतः न्यू डीलचे कडवे विरोधक होते, तर संगीतिकेत रूझवेल्ट प्रत्यक्ष पात्र म्हणून येतात आणि मंत्रिमंडळासह अ‍ॅनीचं गाणं गातात. तेव्हा ‘मूळ अ‍ॅनीशी छेडछाड’ ही तक्रार करायचीच, तर ती १९७७ पासूनच करावी लागेल.

१९८२ साली जॉन ह्यूस्टन यांनी चित्रपट केला, १९९९ साली रॉब मार्शल यांनी दूरचित्रवाणीसाठी. १९९९ च्या आवृत्तीत सचिव ग्रेसची भूमिका ऑड्रा मॅकडॉनल्ड या कृष्णवर्णीय गायिकेनं केली. म्हणजे या गोष्टीत गोऱ्यांपलीकडचे चेहरे २०१४ च्या आधीही दिसले होते. मात्र मधल्या खुर्चीत बसलेली मुलगी तोवर बदललेली नव्हती.

‘पंजाब’ नावाचा माणूस

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा धागा आपल्या देशापर्यंत येतो. चित्रमालिकेत १९३५ पासून वॉरबक्सचा अंगरक्षक म्हणून एक अवाढव्य, पगडीधारी भारतीय आला. त्याचं नाव ‘पंजाब’. माणसाला प्रांताचं नाव द्यायचं, म्हणजे त्याला स्वतःचं नाव, गाव, घर काही द्यावं लागत नाही. तो ताकदवान, निष्ठावान आणि जादू जाणणारा. सोबतीला ‘अ‍ॅस्प’ नावाचा पूर्वेकडचा गूढ, अबोल मारेकरी.

१९७७ च्या नाट्यसंहितेनं दोघांनाही वगळलं होतं. १९८२ च्या चित्रपटानं त्यांना परत आणलं. पंजाब केला त्रिनिदादमध्ये जन्मलेले नर्तक-अभिनेते जेफ्री होल्डर यांनी, अ‍ॅस्प रॉजर मिनामी यांनी. शेवटच्या प्रसंगात उचललेल्या रेल्वेपुलाच्या टोकाला लटकलेल्या अ‍ॅनीला पंजाब वाचवतो, तो डोक्यावरची पगडी उलगडून तिच्या आधारानं हवेतून खाली येतो. होल्डर यांचा डौल विलक्षण आहे. पण शीख माणसाच्या दृष्टीनं पगडी म्हणजे काय, हे माहीत असणाऱ्या कुणाला तो प्रसंग लिहिताना विचारलं असेल असं पडद्यावर कुठेही जाणवत नाही.

या एका पात्रात प्रतिनिधित्वाचा मोठा गैरसमज दिसतो. पडद्यावर गोऱ्यांव्यतिरिक्त चेहरे मोजायचे ठरवले, तर १९८२ चा चित्रपट बऱ्यापैकी गुण मिळवेल. भारतीय पात्र आहे, आशियाई पात्र आहे, दोघांनाही भरपूर दृश्यं आहेत. पण त्या दोघांना इच्छा नाही, भूतकाळ नाही, मालकाशिवाय संध्याकाळ नाही. मोजणीत भरतात आणि गोष्टीत रिकामे राहतात.

२०१४ च्या लेखकांनी ही जागा नीट दुरुस्त केली. पंजाब आणि अ‍ॅस्प गेले, त्यांच्या कामावर ‘नॅश’ आला. अब्जाधीशाचा चालक आणि सुरक्षारक्षक. भूमिका अ‍ॅडेवाले अकिनुओये-अग्बाजे या नायजेरियन वंशाच्या ब्रिटिश अभिनेत्याची. अंगावर सूट, हाती गाडी, जादू शून्य. तो अ‍ॅनीशी थट्टा करतो, मालकाच्या चुका त्याला दिसतात. भूमिका लहान आहे, पण ती एका माणसाची आहे.

रंग बदलला की काय काय हलतं

या रिमेकची कल्पना सुरुवातीपासूनच कृष्णवर्णीय मुलीला धरून होती. २०११ साली विल स्मिथ आणि जेडा पिंकेट स्मिथ या अभिनेत्या जोडप्यानं आपली मुलगी विलो हिच्यासाठी हा प्रकल्प मांडला. रॅप गायक जे-झी निर्माते म्हणून सामील झाले. १९९८ साली त्यांनी याच संगीतिकेतल्या अनाथ मुलींच्या गाण्याचा तुकडा घेऊन आपलं गाजलेलं गाणं बांधलं होतं, म्हणजे कृष्णवर्णीय वस्तीतल्या कष्टांशी या सुरांचं नातं चित्रपटाच्या सोळा वर्षं आधीच जुळलं होतं. प्रकल्प रेंगाळला, विलो वयानं पुढे गेली आणि २०१३ च्या फेब्रुवारीत भूमिका क्वेव्हेन्झने वॉलिसकडे आली. नऊ वर्षांची ही मुलगी त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकित झालेली आजवरची सर्वांत लहान कलाकार होती. सोहळ्याच्या दिवशी एका वार्ताहरानं तिला आता अ‍ॅनीच म्हणतो असं सांगितलं, तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं की माझं नाव अ‍ॅनी नाही, क्वेव्हेन्झने आहे.

तेव्हा ‘चाचणीत जी उत्तम ठरली ती घेतली’ अशातली ही निवड नव्हती. रंग आधी ठरला, मग संहिता लिहिली गेली. अशा वेळी लेखकाला एकेक सांधा तपासण्याची संधी असते. रंगाकडे न पाहता निवड करणाऱ्याला ती सहसा मिळत नाही.

पहिला सांधा काळाचा. १९३३ सालच्या न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय अनाथ मुलगी मिस हॅनिगनच्या आश्रमात गोऱ्या मुलींच्या शेजारच्या खाटेवर झोपली असती का? तिच्यासाठी शहरात वेगळी संस्था होती, ‘कलर्ड ऑर्फन असायलम’. १८३६ साली क्वेकर पंथाच्या स्त्रियांनी काढलेली. १३ जुलै १८६३ रोजी, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धच्या दंगलीत, जमावानं फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची तिची इमारत जाळली. आतली २३३ मुलं मागच्या बाजूनं बाहेर काढली म्हणून वाचली. १९३३ साली ही संस्था ब्राँक्समधल्या रिव्हरडेलला होती. कथा १९३३ मध्येच ठेवली असती, तर एक तर हा इतिहास लिहावा लागला असता, नाही तर तो नव्हताच असं दाखवावं लागलं असतं. कथा वर्तमानकाळात आणल्यानं ही अडचण मुळातूनच टळली.

दुसरा सांधा संस्थेचा. आजच्या अमेरिकेत जुन्या धर्तीचे अनाथाश्रम जवळपास उरलेले नाहीत. सरकार मुलाला एखाद्या कुटुंबात ठेवतं आणि सांभाळणाऱ्याला पैसे देतं. त्याला फॉस्टर केअर म्हणतात. आपल्याकडच्या बालसंगोपन योजनेची आठवण होईल, पण ती बव्हंशी नातेवाईक किंवा एकल पालकाकडे असलेल्या मुलांना अनुदान देते, तर अमेरिकेत मूल पूर्ण परक्या घरात जाऊ शकतं. सप्टेंबर २०१४ अखेर अमेरिकेत सुमारे ४ लाख १५ हजार मुलं अशा व्यवस्थेत होती. त्यांत साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय, तर देशातल्या एकूण मुलांत त्यांचं प्रमाण साधारण सातवा हिस्सा. म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या घरात, पैशासाठी मुली ठेवणाऱ्या हॅनिगनकडे राहणारी कृष्णवर्णीय अ‍ॅनी ही कल्पनेची लहर ठरत नाही, वास्तवाच्या अगदी जवळची आहे. आपण अनाथ नसून फॉस्टर मूल आहोत, हे अ‍ॅनी स्वतः ठासून सांगते. हा भेद मुलांच्या दृष्टीनं मोठा आहे. अनाथाचे आईबाप गेलेले असतात, फॉस्टर मुलाचे कुठेतरी असू शकतात. म्हणूनच दर शुक्रवारी एका रेस्टॉरंटसमोर थांबून वाट पाहणारी ही अ‍ॅनी जुन्या अ‍ॅनीपेक्षा खरी वाटते.

तिसरा सांधा श्रीमंत माणसाचा, आणि इथे पटकथाकारांनी सर्वांत महत्त्वाचा निर्णय घेतला. वॉरबक्सच्या जागी मोबाइल कंपनीचा मालक आणि महापौरपदाचा उमेदवार विल स्टॅक्स आला आणि ही भूमिका जेमी फॉक्स यांना दिली. समजा, अ‍ॅनी कृष्णवर्णीय केली आणि श्रीमंत माणूस गोराच ठेवला असता, तर? अमेरिकी प्रेक्षकांना ती गोष्ट पाठ होती. १९७८ आणि १९८३ साली सुरू झालेल्या दोन लोकप्रिय विनोदी मालिका नेमक्या त्याच साच्यातल्या होत्या, गोऱ्या सुखवस्तू घरात वाढणारी कृष्णवर्णीय पोरकी मुलं. आंतरवंशीय दत्तक हा तिथला जुना, दुखरा विषय आहे. १९७२ साली कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनं त्याला जाहीर विरोध केला. १९९४ च्या कायद्यानं, आणि १९९६ च्या दुरुस्तीनं आणखी कडकपणे, केवळ वंशाच्या कारणानं मुलाचं दत्तक जाणं रोखायला मनाई केली. स्टॅक्स कृष्णवर्णीय झाल्यानं चित्रपट या वादाच्या तोंडी गेला नाही, आणि गोऱ्या उपकारकर्त्याची गोष्टही झाला नाही. शिवाय ग्रेसच्या भूमिकेत रोझ बर्न असल्यानं शेवटी जमलेलं कुटुंब मिश्रवंशीय आहे. त्यावर कुणी भाषण देत नाही, आणि ते योग्यच वाटतं.

या सांध्याला चिकटून आणखी एक येतो. खोटे आईबापही कृष्णवर्णीय असणं भाग पडतं. ट्रेसी थॉम्स आणि डोरियन मिसिक यांनी ती जोडी केली. मूळ संगीतिकेत खोटे आईबाप म्हणजे हॅनिगनचा भाऊ आणि त्याची मैत्रीण. त्यांचा वेष हास्यास्पद आणि त्यांचा लबाडपणा प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक. इथे मात्र ते भाड्यानं आणलेले, नीटनेटके, खरेखुरे वाटणारे. गाडीत बसलेल्या अ‍ॅनीच्या चेहऱ्यावर आपल्यासारखी दिसणारी आई मिळाल्याचा आनंद दिसतो, आणि पुढची फसवणूक म्हणूनच अधिक लागते. रंग बदलल्यामुळे गोष्टीला काहीतरी नवं मिळालं, अशी ही जागा.

जिथे पकड सुटली

आता दुसरी बाजू. गुगनहाइम संग्रहालयातल्या समारंभात अ‍ॅनी उत्स्फूर्तपणे गाते, सभागृह जिंकते. मग तिला पडद्यावरचं भाषण वाचायला सांगतात आणि ती पळून जाते. तिला वाचता येत नाही.

पटकथेच्या दृष्टीनं याची पेरणी आधीच झालेली आहे. पहिल्या प्रसंगात ती कागदावरून वाचत नाही, याचा अर्थ आता उलगडतो. तंत्र म्हणून चोख. पण १९७७ च्या संगीतिकेचा पहिलाच प्रसंग आठवा. रात्री घाबरलेली लहानगी मॉली अ‍ॅनीला तिची चिठ्ठी वाचून दाखवायला सांगते, आणि आईबापांनी सोडताना ठेवलेली ती चिठ्ठी अ‍ॅनी वाचते. १९३३ ची गोरी अनाथ मुलगी वाचू शकत होती. २०१४ ची कृष्णवर्णीय मुलगी वाचू शकत नाही. रंगासोबत हा बदलही झाला, आणि तो कथेला अपरिहार्य नव्हता. स्टॅक्सला अ‍ॅनीची खरी गरज कळावी, एवढंच त्या प्रसंगाचं काम होतं. ते दुसऱ्या दहा वाटांनी झालं असतं.

निरक्षरता दाखवणं हे काही पाप नव्हे. फॉस्टर केअरमध्ये घरं आणि शाळा सारख्या बदलाव्या लागलेली मुलं अभ्यासात मागे पडतात, हे खरं आहे. पण मग प्रश्न विचारावा लागतो की न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेतल्या वर्गात बसलेली, हुशार, हजरजबाबी, दहा वर्षांची मुलगी वाचता न येता तिथवर आलीच कशी? कोणत्या बाईंच्या लक्षात आलं नाही? घरी तपासणीला येणाऱ्या समाजसेविकेनं कधी विचारलं नाही? चित्रपट यातलं काहीही विचारत नाही. निरक्षरता तिची खासगी लाज बनते, आणि शेवटी स्टॅक्सच्या नावाचं साक्षरता केंद्र उघडून ती मिटवली जाते. दोष कुणाचाच नाही, उपकार मात्र एका श्रीमंताचा. पहिल्या प्रसंगात न्यू डील शिकवणाऱ्या चित्रपटानं शेवटी सार्वजनिक शाळेला गोष्टीतून बाहेर ठेवावं, ही त्यातली सर्वांत मोठी चूक आहे.

याच्या मुळाशी वर्गाचा प्रश्न आहे. १९७७ च्या संगीतिकेत नदीकाठच्या झोपडपट्टीत राहणारे बेघर लोक माजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना उद्देशून अख्खं गाणं म्हणतात. गरिबी सगळ्यांची, आणि तिचं कारण नाव घेऊन सांगितलेलं. २०१४ मध्ये ते गाणं नाही, ती माणसंही नाहीत. गरिबी उरली ती हॅनिगनच्या एका घरातल्या पाच मुलींची. बाकी शहर चकचकीत, स्टॅक्सचं घर तर नव्या जागतिक व्यापार केंद्राच्या चौथ्या इमारतीत चित्रित केलेलं. हेलिकॉप्टरमधून खाली पाहत हे शहर तुझंच आहे असं गाताना शहराचं भाडं कोण भरतंय, हा विषयच येत नाही. कृष्णवर्णीय मुलगी गोष्टीच्या मध्यभागी आली, पण तिच्यासारख्या हजारोंना मध्यभागी आणणारा मूळ संहितेतला धागा त्याच वेळी कापला गेला. पात्रनिवडीची चर्चा इतकी झाली की हे फार थोड्यांनी नोंदवलं.

हॅनिगनची भूमिकाही अर्धवट राहिली. कॅमरन डायझ यांनी ती पूर्वाश्रमीची अपयशी पॉप गायिका म्हणून केली. हार्लेममध्ये घर चालवणारी गोरी बाई, तिच्या हाताखाली वेगवेगळ्या वंशांच्या मुली, आणि प्रत्येक मुलीमागे तिला मिळणारे पैसे. या नात्यात काय ताण असेल? संहिता तिला फक्त कर्कश आणि शेवटी पश्चात्तापी करते. त्या मानानं कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक लू चांगला लिहिलेला आहे. पोर्तो रिकोत जन्मलेल्या डेव्हिड झायस यांनी तो केला. वस्ती मुलांना कशी सांभाळते, हे त्याच्या दोन-तीन प्रसंगांत कळतं.

केस, प्रकाश आणि दुकानातली पाटी

कुरळ्या केसांचा विग हा ‘अ‍ॅनी’च्या प्रयोगातला ठरलेला ऐवज. २०१४ मध्ये तो न वापरता वॉलिसचे स्वतःचे केस ठेवले, आणि लाल रंग केसांतून उतरून समारंभाच्या फ्रॉकमध्ये गेला. ओळखीची खूण टिकली, मुलीचं डोकं झाकलं गेलं नाही. साधा, नेमका उपाय.

असे केस चित्रीकरणात सांभाळणं हे मात्र वेगळं कौशल्य आहे. दृश्यं क्रमानं चित्रित होत नाहीत. घट्ट वळणांचे केस दमट हवेत आखडतात, ओले झाले की लांबी निम्म्यावर येते, झोपेत एका बाजूनं दबतात. सलगता राखायची तर रोज चार बाजूंनी छायाचित्रं हवीत, रात्री केस सॅटिनच्या टोपीत बांधायला हवेत, आणि कोरड्या केसांत फणी घालायची नाही हे माहीत असलेली केशरचनाकार हवी. ती नसेल तर मुलीची आईच सेटवर हे काम करत बसते. अनेक कृष्णवर्णीय कलाकारांनी ही तक्रार जाहीरपणे केलेली आहे.

प्रकाशाचंही तसंच. एकाच चौकटीत गडद आणि गोरा चेहरा असेल आणि मोजमाप गोऱ्या चेहऱ्यावर घेतलं, तर गडद चेहऱ्यावरचे भाव बुडतात. उलट केलं तर गोरा चेहरा जळतो. गडद त्वचेवर मोठ्या पृष्ठभागाचा मऊ प्रकाश कडेनं द्यावा, म्हणजे त्वचेवरची चकाकी चेहऱ्याचा आकार दाखवते. मागची भिंत फिकट ठेवू नये, आणि पांढरा सदरा शक्यतो मळकट पांढरा घ्यावा. पूर्वी छायाचित्रणाच्या फिल्मचा रंगसमतोल गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्राशी जुळवत. डिजिटल कॅमेऱ्यानं ती मर्यादा बरीच कमी केली, पण हाताची जुनी सवय आपोआप जात नाही.

सर्वांत ठळक घसरण तर चित्रपटाबाहेर झाली. टार्गेट या दुकानसाखळीनं ‘अ‍ॅनी’वर बेतलेले मुलींचे कपडे काढले, आणि जाहिरातीत लाल फ्रॉकमध्ये गोरी मुलगी दिसली. कृष्णवर्णीय पालकांचा संताप झाला, ऑनलाइन अर्जावर सह्या झाल्या. मोहिमेत विविध पार्श्वभूमीच्या मुली होत्या आणि अ‍ॅनी कुणीही होऊ शकते, असं कंपनीचं उत्तर होतं. वाक्य खरं आहे. पण जी मुलगी पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर अ‍ॅनी झाली, तिच्यासारखी दिसणारी मुलगी दुकानात फ्रॉकच्या पाटीवर शोधते आणि तिला गोरीच दिसते, तेव्हा ‘कुणीही’चा अर्थ तिला वेगळा कळतो. असं घडतं याचं कारण रचनेत आहे. चित्रपटाची पात्रनिवड एक खातं करतं, मालाची जाहिरात दुसरंच. प्रतिनिधित्वाचा निर्णय निर्मितीच्या कागदांत असतो, परवान्याच्या करारात नसतो. करारात दर्शनी चित्रांची पूर्वसंमती हे एक कलम असतं, तर हे टळलं असतं.

हिशेब

खर्च सुमारे ६ कोटी ५० लाख डॉलर. अमेरिका-कॅनडात तिकीटविक्री ८ कोटी ५० लाखांच्या वर, जगभरात मिळून १३ कोटींच्या पुढे. पहिल्या शनिवार-रविवारी तिसरा क्रमांक. समीक्षकांनी झोडपलं, विशेषतः यंत्रानं घासूनपुसून सपाट केलेले गायकांचे आवाज आणि ब्रँडची पेरणी यासाठी. सर्वांत वाईट रिमेकचा रॅझी, म्हणजे वाईट चित्रपटांना थट्टेनं दिला जाणारा पुरस्कार, मिळाला. दुसरीकडे चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोअरच्या पाहणीत ‘ए वजा’ श्रेणी दिली, आणि वॉलिसला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी, चित्रपटाची वितरक कंपनी सोनी हिच्या संगणकांवरच्या हल्ल्यात चित्रपट चोरीला जाऊन इंटरनेटवर फिरू लागला होता, हेही हिशेबात धरायला हवं.

त्याच चोरीत बाहेर आलेल्या एका ईमेलमध्ये, कृष्णवर्णीय नायकाचे चित्रपट परदेशात चालत नाहीत असं एका निर्मात्यानं सोनीच्या प्रमुखांना लिहिलेलं होतं. ‘अ‍ॅनी’च्या कमाईतला परदेशाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर राहिला, आणि असे आकडे मग त्या समजुतीचा पुरावा म्हणून वापरले जातात. तो वापर चुकीचा आहे. अ‍ॅनी ही मुळात अमेरिकी वर्तमानपत्राची लेक, युरोप-आशियात तिची बालपणीची ओळख नाही, आणि समीक्षा वाईट. ही तीन कारणं बाजूला काढल्याशिवाय त्वचेच्या रंगावर तोटा लावता येत नाही.

शाळेच्या रंगमंचावर

२ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीनं ही संगीतिका थेट प्रक्षेपित केली. अ‍ॅनी झाली सेलिना स्मिथ ही कृष्णवर्णीय मुलगी, हॅनिगन टराजी पी. हेन्सन, वॉरबक्स हॅरी कॉनिक ज्युनियर. इथे काळ १९३३ च ठेवला. रंगमंचावर ते चालतं, कारण तिथे प्रेक्षकाचा करारच वेगळा असतो. पुठ्ठ्याची भिंत घर म्हणून स्वीकारणारा प्रेक्षक मुलीचा रंगही विनातक्रार स्वीकारतो. कॅमेरा खऱ्या रस्त्यावर गेला की तो करार संपतो. म्हणून २०१४ साली काळ बदलणं आवश्यक होतं आणि २०२१ साली नव्हतं.

अमेरिकेतल्या शाळांत या संगीतिकेचे तासाभराचे आणि अर्ध्या तासाचे मुलांसाठी संक्षिप्त केलेले प्रयोग सतत होतात, आणि तिथे वाढणारी मराठी मुलंही त्यांत असतात. परवाना घेतलेल्या संहितेत शब्द बदलायला मालकांची लेखी परवानगी लागते, काळही परस्पर बदलता येत नाही. पात्रनिवड मात्र शाळेच्या हाती असते. अडचण येते ती संहितेतल्या लाल केसांच्या उल्लेखाशी. ग्रेस मुलगी निवडायला येते, तेव्हा मागे उभी असलेली अ‍ॅनी खुणा करून वय आणि केस सुचवते, त्यावर प्रसंगातला विनोद उभा आहे. काळ्याभोर केसांच्या मुलीवर नारिंगी विग चढवला तर ते वेषांतर वाटतं, आणि जाड वेणी विगखाली बसवायची तर केस सपाट गुंफून वर जाळी बांधायला अर्धा-पाऊण तास जातो. दिव्यांखाली विग घामेजतो, नाचताना सरकतो. मुलीचे स्वतःचे केस ठेवून लाल रिबीन बांधली, खुणेच्या वेळी तिनं त्या रिबिनीकडे बोट दाखवलं, तर एकही शब्द न बदलता विनोद जागच्या जागी राहतो. हा निर्णय निवड जाहीर करताना, मुलगी आणि तिचे आईवडील समोर असताना घ्यावा. रंगीत तालमीच्या दिवशी विगचा डबा उघडून घेतला, तर मुलीला फक्त एवढंच समजतं की आपल्या केसांत काहीतरी कमी होतं.